नळ, कौलं आणि ८९६

"नोकरी आहे, दोन पोरं आहेत, आईचं बघायचं असतं, घराची कौलंसुद्धा स्वतः शाकारता. मग त्या कॉम्प्युटरला वेळ कवा देता हो?" बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये चहाच्या वेळी हे कुणी ना कुणी विचारतंच. मेव्हणा विचारतो, समोरचे काका विचारतात. परवा थोरलीच्या शाळेत पालकसभा होती, तिथं एका बाईंनी विचारलं, आणि त्यांचा सूर निराळा होता. त्यांच्या घरी दोघांनाही खरोखरच उसंत नाही, म्हणून त्या विचारत होत्या. उभ्याउभ्या मी जे काही बोललो ते अपुरं होतं. म्हणून आज सावकाश सांगतो.

सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा मी सीएनसी मशीनवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या हुकमानं चालणाऱ्या मशीनवर, असतो. वडगावात घरी पोचायला साडेसहा होतात. तिथून झोपेपर्यंत साडेचार तास, त्यात चहा, धाकट्याचे पाढे, आईची औषधं, जेवणं, किराणा. यात माझं म्हणून उरतं ते मंगळवारी आणि शुक्रवारी रात्री साडेनऊ ते अकरा. आठवड्याचे तीन तास. एवढेच आहेत, आणि तेही मला सापडलेले नाहीत, बायकोनं दिलेले आहेत.

ती घरी ब्लाऊज शिवते. लग्नसराईत मशीन रात्री बारापर्यंत चालू असतं. आमच्या गल्लीत पूर्वी मागांची खडखड रात्रभर असायची म्हणतात. आता आमच्या घरातून शिलाई मशीनची असते. पाच वर्षांपूर्वी धाकट्याला ताप आला होता आणि मी कॉम्प्युटरपुढं बसून "दोनच मिनिटं" म्हणत तास काढला. ती पोराला मांडीवर घेऊन एका हातानं गिऱ्हाइकाच्या हुका लावत होती. त्या रात्री ती म्हणाली, "तुमचा एक तास गेला म्हणजे माझा एक तास जातोय. तो मला विचारून घ्या." मला त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही कॅलेंडर घेऊन बसलो. मंगळवार-शुक्रवारच्या रात्री माझ्या. गुरुवारची संध्याकाळ तिच्या भजनाची, त्या वेळी ती घरात नाही असं समजून मी सगळं बघायचं. रविवारी सकाळी स्वयंपाकघर माझं. लग्नसराईत तिचं काम वाढलं की माझा शुक्रवार रद्द. त्या बाईंना मला आधी हे सांगायला हवं होतं.

आता त्या तीन तासांत काय करतो ते.

आमच्या गल्लीत नळ चार-पाच दिवसांनी येतो, आणि बऱ्याचदा पहाटे तीनच्या सुमाराला. अंगणातला जमिनीखालचा हौद आपोआप भरतो. पण पिण्याचं पाणी आई थेट नळाचंच भरते, कळशीत, फडक्यातून गाळून. राकसकोप धरणाचं पाणी म्हणजे तिच्या लेखी पाणी. हौदातलं ते वापरायचं. त्यासाठी ती रात्री दोन-तीनदा उठायची आणि अंधारात अंगणात जाऊन तोटी उघडून बघायची. दोन वर्षांमागं श्रावणात शेवाळावरून तिचा पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण महिनाभर मनगट सुजलेलं होतं.

त्या मंगळवारी मी हौदाच्या झाकणाला सेन्सर बसवायला घेतला. यात गूढ काही नाही. सेन्सर वरून आवाज सोडतो, आपल्या कानाला न ऐकू येणारा. तो पाण्यावर आपटून परत येतो. जाऊन यायला किती वेळ लागला त्यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे एका सेंटीमीटरला जाऊन-येऊन जवळपास ५९ मायक्रोसेकंद. हा भागाकार थोरलीनं केला, ती तेव्हा सहावीत होती. धाकटा हौदात काठी बुडवून ओल कुठवर आली ते मोजपट्टीनं सांगायचा आणि आम्ही आकडे जुळवायचो. पहिला सेन्सर स्वस्तातला, उघड्या जाळीचा होता. हौदाच्या दमटपणानं दोन महिन्यांत तो मेला. दुसरा आणला तो गाडी मागं घेताना वापरतात तसल्या जातीचा, पाण्याला न भिणारा. पण पाणी साधारण वीस सेंटीमीटरच्या आत आलं की त्याला मोजता येत नाही, आणि आमचा हौद तर काठोकाठ भरतो. मग झाकणाला भोक पाडून वर एक फुटाचा जाड पीव्हीसी पाइप उभा केला आणि सेन्सर त्याच्या टोकाला नेला. अजून चालू आहे.

हौदातलं पाणी चढायला लागलं की नळ आला. आधी मी बझर लावला होता. तीन वाजता सगळं घर जागं झालं, धाकटा रडत उठला. दुसऱ्याच दिवशी तो काढून आईच्या खाटेजवळ भिंतीला एक छोटा निळा दिवा लावला. आईला जाग येतच असते. ती कूस बदलून बघते. दिवा निळा असेल तर उठते, नाहीतर पांघरूण ओढून घेते. अंगणात आता ती फक्त पाणी भरायलाच जाते, तेही बाहेरचा बल्ब लावून.

मोटर मात्र मी या खेळात आणली नाही. न्हाणीच्या स्लॅबवरच्या टाकीची मोटर आपोआप चालू-बंद करता येईल हे मला कळतं. पण ते २३० व्होल्टचं काम, आणि माझ्या हाताखाली नेहमी दोन पोरं असतात. ते लायसनवाल्या इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. पोरांबरोबर करायची ती कामं पाच व्होल्टची, हे मी ठरवूनच टाकलंय.

दुसरं काम थोरलीचं. ती मराठी माध्यमात आहे, कन्नड विषय म्हणून शिकते. घरात कन्नड वाचणारी ती एकटीच. मी कामावर कन्नड बोलतो, आई बाजारात घडाघडा बोलते, पण अक्षर आम्हा दोघांनाही येत नाही. गेल्या वर्षी ती म्हणाली, "पप्पा, मी मराठीत लिहिलं की तोच शब्द कन्नड अक्षरांत दिसेल असं काहीतरी करा की."

मी शोधायला बसलो आणि जे सापडलं त्यानं त्या रात्री मला झोप आली नाही. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना आकडे देणारी यादी. तिच्यात आपल्या 'क'चा आकडा २३२५. कन्नड 'क'चा ३२२१. फरक ८९६. 'ख' घेतला, फरक ८९६. 'ळ' घेतला, ८९६. काना, अनुस्वार, पाय मोडायची खूण, सगळीकडं ८९६. कारण साधं आहे: युनिकोडच्याही आधी, १९८८ साली, भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाची एक मांडणी झाली होती. तिच्यात सगळ्या लिप्यांना एकाच ओळीत बसवलं होतं, आणि युनिकोडनं तो क्रम तसाच उचलला. आपल्याकडं या दोन लिप्यांवरून किती वर्षं काय काय चाललंय ते मी सांगायला नको. पण कुठल्यातरी टेबलावर कुणीतरी या दोघींना शेजारी बसवून एकाच मापाचे कप्पे दिले होते, आणि हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेला कीबोर्ड, तोही तसाच: मराठीत ज्या बटणावर 'क', कन्नडातही त्याच बटणावर 'क'. थोरली एकदाच शिकली आणि दोन्ही भाषा टाइप करायला लागली.

वर्कशॉपमधून बाद झालेला एक जुना कॉम्प्युटर मी पैसे भरून आणला होता. त्यात एसएसडी ही वेगवान डिस्क घालून विंडोजऐवजी लिनक्स टाकलं होतं. त्याच्यावर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत दहा-बारा ओळी लिहिल्या: प्रत्येक अक्षरात ८९६ मिळव. थोरलीनं पहिला शब्द टाइप केला, 'कमळ'. पडद्यावर कन्नड कमळ उमटलं. ती टाळ्या वाजवत आईकडं पळाली.

मग चुका दिसायला लागल्या, आणि त्याच मला जास्त आवडल्या. 'बॅट' लिहिलं की मधे रिकामा चौकोन यायचा. 'डॉक्टर'चंही तेच. या दोन चंद्रांसाठी कन्नडात खूणच नाही, तो कप्पा मोकळा आहे. थोरली म्हणाली, "बँकेच्या पाटीवर ते 'ब्यांक' असं लिहितात पप्पा, आणि डॉक्टरला 'डाक्टर'." एवढ्यावरून नियम मिळाला. मग शेवटचा 'अ'. आपण 'राम' लिहितो आणि शेवटचा 'अ' गिळून 'राम्' म्हणतो. कन्नडात लिहिलं तसं 'राम' म्हणून पूर्ण उच्चारतात. म्हणून 'बॅट' तिकडं नेताना 'ट'चा पाय मोडावा लागतो.

सगळ्यात मोठी चूक आमच्या गावाच्या नावात निघाली. कन्नडात 'ए' दोन आहेत, ऱ्हस्व आणि दीर्घ. मराठीला एकच पुरतो, आणि ८९६ मिळवल्यावर तो दीर्घाच्या कप्प्यात जाऊन पडतो. बेळगावीतला 'बे' कन्नडात ऱ्हस्व आहे. थोरलीनं पत्ता असा छापून वहीला चिकटवला आणि टीचरनी लाल पेनानं गावाचं नाव दुरुस्त करून दिलं. हे गणितानं सुटत नाही. कुठला 'ए' आखूड हे शब्द माहीत असणाराच सांगू शकतो. म्हणून आता थोरली एका वहीत असे शब्द गोळा करते आणि मी ते यादीत भरतो. 'ओ'चंही तसंच आहे, तोही तिकडं दोन प्रकारचा. सध्या यादीत दीडशेच्या वर शब्द झालेत.

त्यातूनच आईचा तक्ता झाला. तिची बहीण खानापूरला असते. बसस्टँडवर ती कुणालातरी विचारून बस धरायची आणि गर्दीत विचारायची लाज वाटली तर बस सोडायची. थोरलीनं बसवरच्या पाट्यांची अक्षरं उतरवून आणली, कारण गावांच्या नावात माझ्या प्रोग्रॅमवर तिचा भरवसा नाही, आणि ते बरोबरच आहे. वर कन्नड, खाली मराठी, मोठ्या अक्षरात: खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, बैलहोंगल. आई रोज देवपूजेनंतर त्या कागदावरून बोट फिरवते. "'खा' कळतोय बघ मला," ती परवा म्हणाली, "पुढचं मी ओळखते."

कौलांबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. मृगाच्या आधीचे दोन रविवार वर चढायचं, फुटकी मंगलोरी बदलायची, कुजलेल्या रिपा काढायच्या, कोने सिमेंटनं पक्के करायचे. मेव्हणा खालून कौल देतो, मी वर लावतो. आमच्याकडचा पाऊस एकदा लागला की गणपतीपर्यंत हात लावता येत नाही, म्हणून हे काम टाळता येत नाही. त्या दोन रविवारी स्वयंपाक बायको करते आणि मी तिला पुढचे दोन शुक्रवार देतो. कॅलेंडरवर तसं लिहून ठेवलंय.

आज मंगळवार. साडेनऊ वाजून गेलेत. थोरली वही घेऊन शेजारी उभी आहे, आज तिला अकरा नवे शब्द मिळालेत.