तुम्ही विचारलंत म्हणून: मामफळाची पानं आणि जांभळा रंग

म्हापशाच्या बाजारात असो की फोंड्यात, आम्हाला हा प्रश्न येतोच: "मामफळाच्या (सोअरसॉपच्या) पानांनी लॅबमध्ये कॅन्सरच्या पेशी मरतात ना? मग घरच्या झाडाचा काढा दिला तर काय बिघडलं?"

पेशी मरतात, हे खरं. पण किती मात्रेला आणि कशामुळे, ते आधी पाहायला हवं.

सुरुवात पानांपासून. पावसाळ्यात खुडलेली पानं गोव्याच्या दमट हवेत नुसती सावलीत पसरली तर त्यांना बुरशी धरते. मग पेशी झाडाने मारल्या की बुरशीने, हे कोण सांगणार? म्हणून पानं ओव्हनमध्ये ४० अंशांवर वाळवतात. १०० ग्रॅम पूड १ लिटर ७० टक्के इथेनॉलमध्ये ४८ तास भिजवून गाळायची, अर्क कमी दाबाखाली आटवायचा. त्याच झाडाची डहाळी हर्बेरियमसाठी, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासाठी, दाबून ठेवायची.

आता ९६ खळग्यांची प्लेट. प्रत्येक खळग्यात कॅन्सरच्या ५ ते १० हजार पेशी. त्या २४ तासांत तळाला चिकटतात. मग अर्काच्या चढत्या मात्रा, ४८ ते ७२ तास. अर्क ज्या द्रवात विरघळवतात ते डीएमएसओ अर्ध्या टक्क्याच्या वर गेलं तर तेच पेशींना मारू लागतं, म्हणून फक्त डीएमएसओ घातलेले खळगेही हवेतच. शेवटी एमटीटी नावाचं पिवळं रसायन घालायचं: जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात, ते विरघळवून ५७० नॅनोमीटरला रंग मोजायचा.

गफलत होते ती इथेच. पानांतली पॉलिफेनॉलं नावाची नैसर्गिक द्रव्यं पेशी नसतानाही एमटीटी जांभळं करतात. मेलेल्या पेशी जिवंत दिसतात आणि विषारी अर्क निरुपद्रवी ठरतो. म्हणून एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी धुवायच्या आणि बिनपेशींचे खळगे सोबत ठेवायचे. नुसत्या अर्काने ते जांभळे झाले, तर त्या प्लेटवर विश्वास ठेवू नये.

कच्च्या अर्काने २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत निम्म्या पेशी मारल्या, तरच तो पुढे नेण्याजोगा मानतात. तोच अर्क निरोगी पेशींवरही लावायचा. दोन्ही सारख्याच मेल्या, तर हाती आलं ते विष. त्यानंतरही प्राण्यांवरची सुरक्षा चाचणी असते: नैतिक समितीची परवानगी, एका टप्प्याला तीन उंदीर, १४ दिवस निरीक्षण.

मामफळाचं नेमकं इथेच अडतं. त्यातलं ॲनोनेसिन हे द्रव्य पेशींचा ऊर्जापुरवठा तोडतं. कॅन्सरच्या पेशींचा तोडतं, तसाच मेंदूतल्या पेशींचाही. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर मामफळ आणि त्याच्या पानांचा चहा नेहमी घेणाऱ्यांत पार्किन्सनसारखा, नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार जास्त दिसला, आणि संशय याच द्रव्यावर आहे.

काढ्याच्या पेल्यात ॲनोनेसिन किती उतरतं, हे घरी मोजता येत नाही. म्हणून आमचं उत्तर: देऊ नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) केमो चालू असेल आणि काढा आधीच दिला असेल, तर पानं किती, पाणी किती, कधीपासून, हे लिहून डॉक्टरांना दाखवा. ते रागावतील म्हणून लपवू नका.