१६० एकर, १८ डॉलर आणि पाच वर्षं

अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांनी २० मे १८६२ रोजी होमस्टेड कायद्यावर, म्हणजे सरकारी जमीन कसणाऱ्याला देण्याच्या कायद्यावर, सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. सरकारने १६० एकर जमीन फुकट दिली, असं त्याबद्दल सरसकट लिहिलं जातं. फुकट म्हणजे अर्ज करताना १० डॉलर फी आणि २ डॉलर कमिशन, पाच वर्षं तिथे राहून जमीन कसल्यावर सनद, म्हणजे मालकीपत्र, घेताना आणखी ६ डॉलर. एकूण १८. खरा खर्च याच्या बाहेरचा होता, आणि तो कायद्यात कुठेच लिहिलेला नव्हता. (ही जमीन सरकारकडे आली कशी हा वेगळा विषय आहे. थोडक्यात सांगायचं तर मूळ रहिवाशांशी करार करून, आणि मग ते मोडून.)

आधी मोजणी. मोजणी न झालेली जमीन मिळत नसे. टाउनशिप, म्हणजे मोजणीचा मोठा चौकोन, ६ मैल लांब, ६ मैल रुंद. तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक ६४० एकरांचा. सेक्शनचा चौथा हिस्सा १६० एकर आणि त्याचे पुन्हा चार केले की ४० एकरांचे तुकडे. मोजणीची साखळी ६६ फुटांची, मैलाला ८० साखळ्या. आपली गुंठ्याची साखळी तिच्या बरोबर निम्मी, ३३ फुटांची. गाव नकाशा वाचता येणाऱ्याला हा हिशेब परका वाटायचं कारण नाही. १६ आणि ३६ क्रमांकाचे सेक्शन शाळांसाठी राखीव. रेल्वेला दिलेल्या पट्ट्यात विषम क्रमांकाचे सेक्शन कंपनीचे, आणि उरलेल्या सम सेक्शनांत अर्जदाराला सुरुवातीला ८० एकरच मिळत.

१६० एकर चौकोनीच घ्यायला हवेत असं मात्र नव्हतं. अगदी पहिल्या अर्जदारांपैकी एक डॅनियल फ्रीमन. नेब्रास्कात बिॲट्रिसजवळ त्याने ४० एकरांचे चार तुकडे निवडले, तीन एका ओळीत आणि चौथा मधल्याच्या डोक्यावर, कारण ओढा आणि ओढ्याकाठची झाडं त्यात बसत होती. माळरानावर पाणी आणि सरपण ज्याच्या हद्दीत, त्याची निम्मी लढाई जिंकलेली. मागून आलेल्यांना उघडा माळ उरला.

अर्जदार २१ वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा, नागरिक असावा किंवा नागरिकत्वाचा इरादा त्याने नोंदवलेला असावा, आणि सरकारविरुद्ध त्याने शस्त्र उचललेलं नसावं. अविवाहित बाईला, विधवेला अर्ज करता येई. नवऱ्याबरोबर नांदणाऱ्या बाईला नाही. त्यामुळे आधी अर्ज, मग लग्न, हा क्रम महत्त्वाचा. चिनी माणसाला नागरिकत्वच मिळत नसल्याने त्याला दार बंद.

मग घर. लाकूड नाही, म्हणून मातीचं, म्हणजे गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या थराचं. खास नांगराने साधारण फूटभर रुंद आणि ४ इंच जाड पट्टे काढायचे, कुदळीने ३-३ फुटांवर तोडायचे आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारखे सांधे चुकवत रचायचे. दर दोन-तीन थरांनी एक थर आडवा. भिंत दोन-तीन फूट जाड. १६ बाय २० फुटांच्या घराला सुमारे अर्धा एकर माळ सोलावा लागे. जमीन ओली असतानाच काढायचे. कोरडी झाली की पट्टा हातात भुगा होतो. काढलेले पट्टे त्याच दिवशी लावायचे, नाहीतर सुकून तडकतात. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार, हे खरं. पण छप्पर गळतं, आणि बाहेर पाऊस थांबला तरी आत दोन दिवस थांबत नाही. वरून माती पडू नये म्हणून आढ्याखाली मलमलचं कापड ताणून बांधत.

सहा महिन्यांहून जास्त काळ गैरहजर राहिलं की जमीन सोडली असं धरलं जाई, आणि त्यावर डोळा ठेवून बसलेला शेजारी लँड ऑफिसात, म्हणजे सरकारी जमीन कचेरीत, हरकत घेई. मजुरीला दूर जाणारे इथेच अडकत, आणि मजुरीशिवाय बैल-नांगराचे पैसे येणार कुठून? पाच वर्षं झाली की अंतिम पुरावा. १८७९ पासून त्याआधी जवळच्या वर्तमानपत्रात चार साक्षीदारांच्या नावांसह नोटीस छापावी लागे. त्यांतल्या दोघांनी घर, नांगरलेली जमीन आणि वास्तव्य याबद्दल शपथेवर सांगायचं. सात वर्षांत पुरावा दिला नाही तर दावा बाद. साक्षीदार बहुधा शेजारीच. आज तू माझा, उद्या मी तुझा. खोट्या साक्षी त्यामुळेच पिकल्या.

थांबायचं नसेल तर सहा महिन्यांनंतर एकरी सव्वा डॉलर भरून, म्हणजे २०० डॉलरांत, जमीन नावावर होई. ही पळवाट पशुपालकांनी मनसोक्त वापरली. आपल्या गुराख्यांच्या नावे पाणवठ्याकाठची जमीन घ्यायची आणि सनद हाती आली की स्वतःकडे वळवायची. पाणवठा ताब्यात आला की मागचा हजारो एकर माळ आपोआप आपला. १८९१ मध्ये मुदत १४ महिने केली, तोवर चांगले पाणवठे गेले होते.

पण माझ्या मते कायद्याचं मूळ दुखणं लबाडी नव्हतंच. १६० एकरांचा आकडा पूर्वेकडच्या ओहायो-इलिनॉयच्या भरपूर पावसाचा होता. १०० व्या रेखांशाच्या पश्चिमेच्या माळरानावर वर्षाला सरासरी २० इंचांहून कमी पाऊस पडतो. तिथे सिंचनाविना १६० एकरांत कुटुंब जगत नाही. पश्चिमेचं सर्वेक्षण करणाऱ्या जॉन वेस्ली पॉवेलने १८७८ च्या अहवालात स्पष्ट लिहिलं होतं: सिंचन असेल तर ८० एकर पुरेत, चराऊ जमीन असेल तर २,५६० हवेत. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, ते ऐकलं नाही. उलट नांगर फिरला की मागून पाऊस येतो, असं सांगणारे प्रचारक जोरात होते.

१९०९ मध्ये कोरडवाहू भागांसाठी मर्यादा ३२० एकर झाली, १९१२ मध्ये मुदत तीन वर्षांवर आली. मग वायव्येकडच्या मोंटाना राज्यात झुंबड. वरच्या थराची बारीक धूळ करून खालची ओल धरायची, ही तिथली कोरडवाहू पद्धत बऱ्या पावसाच्या वर्षांत चालली. पहिल्या महायुद्धात गव्हाला दर होता, म्हणून कर्ज काढून ट्रॅक्टर आणि आणखी जमीन घेतली. १९१७ पासून पाऊस हटला, भुसभुशीत केलेली तीच माती वाऱ्याबरोबर जाऊ लागली, १९२० नंतर गव्हाचा भावही कोसळला. १९२० ते १९२६ या काळात मोंटानातल्या निम्म्याहून जास्त व्यापारी बँका बुडाल्या. न्यूयॉर्कचा शेअर बाजार तेव्हा वर चढत होता.