कावेचं कुंकू

निपाणीत बचत गटातल्या बायकांना मी मातीकाम शिकवत होते. विषय दिला होता: आरसा न बघता, हातानं चाचपून स्वतःचा चेहरा घडवायचा. आरसा दिला की सगळ्याजणी देखण्याच होतात, म्हणून ही अट.

त्यात एक विड्या वळणारी काकू होती. तंबाखूनं पिवळी पडलेली तिची बोटं भलती चपळ. हनुवटी, खोल गेलेले गाल पटापट उतरले. मग तिनं कपाळावर अंगठ्यानं चांगला रुपयाएवढा खळगा केला. तिचं स्वतःचं कपाळ मोकळं होतं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आजूबाजूच्या बायका गप्प झाल्या.

"हे लाल दिसायला पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

अडचण खरी तिथं होती. खानापूरची माती भाजल्यावर तांबडीच होते. तांबड्यावर लाल उठणार कसं? मी सुचवलं, चेहऱ्याला पांढऱ्या मातीचा पातळ थर देऊ.

"मी कवा एवढी गोरी होते गं?" सगळ्या हसल्या, आणि माझा पांढरा थर तिथंच संपला. तोडगा तिनंच काढला: काव, म्हणजे गेरू. कावेत लोहच असतं, भाजल्यावर रंग गडद होतो. ती कालवून खळग्यात भरली आणि गुळगुळीत दगडानं घोटली. घोटलेला भाग चकाकतो, बाकी चेहरा खरखरीत राहतो, म्हणजे रंग जवळचा असला तरी कुंकू वेगळं उठतं.

"पुसलं जाईल काय?"

"भाजल्यावर नाही."

मग तारेनं डोकं कापून आतली माती कोरायची वेळ आली. भरीव डोक्यात ओल राहिली तर भट्टीत वाफ होऊन ते फुटतं. कापताना बाकीच्या कचरल्या. काकू म्हणाली, "बघ, काय निघतंय काय आत!"

कुणीतरी हेरवाडचा विषय काढला. शिरोळ तालुक्यातल्या त्या ग्रामपंचायतीनं 4 मे 2022 ला विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला होता. "ठराव तिकडचा, कपाळ माझं," ती म्हणाली आणि कानाची पाळी चिकटवत राहिली. मला तिचं म्हणणं पटलं. ठरावाचं मोल आहेच, पण ही बाई परवानगी मागत नव्हती.

बेळगावला आणून पूर्ण वाळल्यावर 900 अंशांपर्यंत भाजलं, 573 च्या आसपास फार सावकाश, कारण तिथं मातीतली गारगोटी एकदम फुगते. वाळताना-भाजताना माती आकसते, त्यामुळे डोकं थोडं लहान झालं. कानामागे एक बारीक चीर आली. कुंकू गडद, तुळतुळीत.

न्यायला मुलगी सोबत आली होती. "आई, हे काय?" तिनं कपाळाकडे बोट केलं. "मी," काकू म्हणाली आणि मुंडकं पदरात गुंडाळलं.

आता तिला अख्खी बसलेली काकू करायची आहे, मांडीवर विड्यांचं सूप घेऊन. सुटे हात भट्टीत मोडतात, म्हणून ते सुपाला टेकवायचे ठरलंय. सूप रिकामं नको, हे तिनं मला दोनदा बजावलंय.