चौऱ्याहत्तर, चौऱ्याऐंशी, चौऱ्याण्णव

पावतीवर छापलं होतं, "अक्षरी रुपये एक लाख उनतीस हजार फक्त". ठेव ठेवायला आलेल्या आजींनी ती पावती काउंटरवरून परत सरकवली. म्हणाल्या, "हे उनतीस कुणाचं? आमचं एकोणतीस असतंय की."

मी बेळगावात, टिळकवाडीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. पतसंस्थांना आम्ही हिशेबाचं सॉफ्टवेअर देतो. त्या दिवशी प्रिंटरची तक्रार होती म्हणून काउंटरच्या आत बसले होते, त्यामुळे हे थेट कानावर आलं. आकडे अक्षरांत लिहायचं काम आमचं सॉफ्टवेअर स्वतः करत नव्हतं. त्यासाठी पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली एक ओपन सोर्स लायब्ररी होती, म्हणजे कुणीही वापरावा आणि सुधारावा असा तयार कोड. तिच्यात पुष्कळ भाषा होत्या. कन्नड होती, हिंदी होती, मराठी नव्हती. आमच्याकडे कधीतरी मराठीच्या जागी हिंदी लावून काम भागवलं होतं.

ऑफिसात सांगितल्यावर उत्तर सरळ आलं: आपल्याच कोडात शंभर शब्दांची यादी टाक, संध्याकाळपर्यंत होईल. ते खरंच होतं. पण मग पुण्यातला, नांदेडातला, निपाणीतला प्रत्येकजण आपापल्या कोडात तीच यादी टाकत राहणार, प्रत्येकाच्या यादीत वेगळ्या चुका राहणार, आणि लायब्ररीत मराठीची जागा रिकामीच. मला ते पटेना. ऑफिससाठी यादी टाकली, आणि त्याच रात्री घरी लायब्ररीचा कोड गिटहब या कोड ठेवायच्या साइटवर फोर्क करून घेतला, म्हणजे त्याची माझी वेगळी प्रत केली.

यापूर्वी मी कुठल्याही ओपन सोर्स प्रकल्पाला एक ओळ दिली नव्हती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, त्यामुळे परक्या माणसांसमोर इंग्रजीत लिहायची धास्ती होती, ती कोडच्या धास्तीपेक्षा मोठी. योगदान कसं द्यायचं याची फाइल त्या प्रकल्पात होती. ती मी दोनदा वाचली. आधी इश्यू, म्हणजे काय हवं याची नोंद, उघडा, मग वेगळ्या ब्रांचवर (कोडच्या शाखेवर) काम करा, कोडचं उत्तर बरोबर येतं का हे बघणाऱ्या टेस्ट लिहा, सगळ्या टेस्ट आपल्या मशीनवर चालवून मगच पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा बदल आत घ्या' ही विनंती, टाका. इश्यूत मी चारच वाक्यं लिहिली: मराठी नाही, हिंदीचे शब्द मराठीत चालत नाहीत, २९ला हिंदीत उनतीस आणि मराठीत एकोणतीस म्हणतात, मी हे काम करू इच्छिते. दोन दिवसांनी मेंटेनरचं, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांचं, उत्तर आलं, तेही दोन ओळींचं: करा, मदत लागली तर विचारा.

सुरुवात कन्नडच्या फाइलपासून केली. माझ्या शेजारी बसणारा मित्र गोकाकचा, घरी कन्नड. त्याने मला ती फाइल मोठ्याने वाचून दाखवली. इप्पत्तु म्हणजे वीस, इप्पत्तोंदु एकवीस, इप्पत्तेरडु बावीस. आधी दशक, मग एकक, मध्ये संधी. कन्नड ऐकतच वाढले, बाजारात बोलतेही, पण या शब्दांची जोडणी इतकी सरळ आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट लक्षात आलं. मराठीत उलटं. एकक आधी येतं, आणि बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट यांतला 'दोन' कधी बा, कधी ब, कधी बे असं रूप घेतो. 'एकोण' म्हणजे एक कमी, हा नियम एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत नीट चालतो आणि नव्याण्णवला थांबतो. तेव्हा जोडणीचं सूत्र शोधण्यात अर्थ नव्हता. एक ते नव्याण्णवपर्यंतचा तक्ता हाताने लिहायचा, हे पक्कं केलं.

खरी गाठ पुढे होती. शंभर म्हणजे शंभर, पण एकशे एक म्हणताना शंभर गायब होतो. माझ्या पहिल्या कोडने १०१ला "शंभर एक" दिलं. ते सुधारलं तर १०० ला "एकशे" आलं. मग १,१०० चं काय? "एक हजार शंभर" की "एक हजार एकशे"? बोलताना तर अकराशे. हे कुणाला विचारावं म्हणून त्याच पतसंस्थेच्या कॅशियरकाकांकडे गेले. त्यांनी ड्रॉवरमधून चेक लिहायचं पेन काढून पावतीच्या पाठीवर दोन शब्द लिहिले: "हजार" आणि "शंभर". म्हणाले, "नुसतं हजार लिहिलंस तर त्याच्याआधी कुणीही नऊ लिहील. म्हणून एक हजार लिहायचं. शंभरच्या आधी काय लिहिशील? नऊ शंभर कुणी म्हणत नाही." तीस वर्षं पैसे मोजलेल्या माणसाने मला नियम दिला: हजार, लाख, कोटी यांच्याआधी 'एक' हवाच, शेवटी नेमके शंभर उरले तर 'शंभर', बाकी सगळीकडे 'शे'. तो नियम मी तसाच कोडमध्ये उतरवला.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुल रिक्वेस्ट टाकली. उत्साहात मी तिच्यात सगळंच घातलं होतं: संख्या, दशांश, रुपये-पैसे, पहिला-दुसरा-तिसरा. मेंटेनरने नम्रपणे सांगितलं की एवढं एकदम तपासता येणार नाही, तुकडे करा. बरोबर होतं त्यांचं. शिवाय क्रमवाचक शब्दांत मराठीला लिंग लागतं. पहिला मुलगा, पहिली मुलगी, पहिलं घर. लायब्ररीत ते सांगायला जागाच नव्हती. नुसतं 'पहिला' देऊन अर्धी भाषा चुकीची करण्यापेक्षा ते मी सोडलं. फक्त पूर्ण संख्या ठेवल्या.

चर्चेत आणखी एका योगदात्याने विचारलं, मराठीत आता 'वीस एक' म्हणतात ना, मग तक्ता कशाला? जून २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून झालेला वाद त्यांनी वाचला होता. बालभारतीच्या गणित समितीच्या तेव्हाच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचं म्हणणं होतं की जोडाक्षरांचे संख्याशब्द लहान मुलांना जड जातात आणि दक्षिणेतल्या भाषांसारखी दशक-एकक अशी रचना सोपी पडते. शेजारी कन्नड ऐकणाऱ्या मला त्यांचं म्हणणं कळतं, मुलांना शिकवताना ते उपयोगीही आहे. पण आमच्याकडच्या मराठी शाळांत कर्नाटकाची पुस्तकं चालतात, आणि पावतीवर, चेकवर, खरेदीखतावर माणसं एकोणतीसच लिहितात. तसं उत्तर लिहिलं. ते लिहायला मला पूर्ण संध्याकाळ लागली, पण इंग्रजीची धास्ती त्या संध्याकाळीच गेली.

मग मेंटेनरचा खरा आक्षेप आला. माझ्या टेस्टमधले अपेक्षित शब्द मी कोडच्याच तक्त्यावरून कॉपी केले होते. तक्त्यात चूक असेल तर तीच चूक टेस्टमध्येही असणार, मग टेस्ट पास होऊन उपयोग काय? त्यांनी विचारलं, दुसऱ्या कुणा मराठी माणसाने स्वतंत्रपणे लिहिलेली यादी मिळेल का?

आमच्या वडगावात एक निवृत्त गुरुजी राहतात. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत त्यांनी आयुष्यभर शिकवलं. रविवारी भर पावसात त्यांच्याकडे गेले. माझा तक्ता त्यांना आधी दाखवलाच नाही. त्यांनी रेघांच्या वहीचं पान काढलं, चार उभे रकाने आखले आणि एकपासून लिहायला लागले. तोंडाने म्हणत, बोटाने ओळ धरून. पन्नाशीनंतर वेग कमी झाला. सत्त्याऐंशीला थांबले, लिहिलं, पुन्हा वाचलं. शंभर झाल्यावर मी माझा तक्ता पुढे केला. त्यांनी लाल पेनाने चार ठिकाणी गोल केले. मी "सत्याऐंशी", "अठ्याऐंशी", "सत्याण्णव", "अठ्याण्णव" लिहिलं होतं. "मोठ्यानं म्हण," म्हणाले. मी म्हटलं. "जीभ त वर दोनदा टेकली की नाही? मग एक त कुठं गेला? सत्य नव्हे पोरी, सत्त्याऐंशी."

चारही चुका माझ्या टेस्टमध्येही जशाच्या तशा होत्या. मेंटेनरला मराठीचं एक अक्षर येत नव्हतं, तरी चूक कुठे असू शकते हे त्यांनी ओळखलं होतं.

ते पान धाकट्या भावाने फोनवर टाइप करून दिलं. तक्ता सुधारून ती यादी टेस्टमध्ये घातली आणि टेस्ट चालवली. सत्त्याण्णव पास. तीन फेल: ७४, ८४, ९४.

स्क्रीनवर दोन्ही शब्द एकाखाली एक होते. अपेक्षित चौऱ्याहत्तर, मिळालं चौऱ्याहत्तर. काना, मात्रा, सगळं सारखं. अर्धा तास मी त्या दोन ओळींकडे बघत बसले. मग दोन्ही शब्दांची लांबी छापली. एकाची ११, दुसऱ्याची १२. प्रत्येक अक्षराचा युनिकोड क्रमांक, म्हणजे कॉम्प्युटर ते अक्षर ज्या आकड्याने ओळखतो तो, काढल्यावर उलगडलं. मी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर टाइप केलं होतं. तिथे शिफ्टसह इंग्रजी J ची कळ दाबली की ऱ येतो, क्रमांक ०९३१, त्याला हलन्त देऊन य. भावाच्या फोनने साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह, क्रमांक २००डी, आणि मग य असं लिहिलं होतं. दिसायला दोन्ही ऱ्य. कॉम्प्युटरला ते दोन वेगळे शब्द. त्र्याहत्तर, त्र्याऐंशी यांत हा र नाही, म्हणून ते पास झाले.

युनिकोडचं प्रमाणीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करायची पद्धत, लावून दोन्ही एक होतील असं वाटलं होतं, पण ते या दोन रूपांना एक करत नाही. युनिकोडचा प्रमाणग्रंथ उघडला. मराठीच्या या र साठी ऱ आणि हलन्त हीच पद्धत दिली आहे, जोडचिन्हाची पद्धत जुन्या आवृत्तीशी जुळतं राहावं म्हणून ठेवली आहे. मी पहिली धरली, भावाच्या यादीतले तीन शब्द बदलले, आणि तक्त्यातल्या कुठल्याही शब्दात ते अदृश्य चिन्ह नाही ना हे बघणारी आणखी एक टेस्ट लिहिली. हा फरक का सांभाळायचा हे मेंटेनरला समजावताना दोन शब्द दिले: दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आमच्या खानापूरकडे दऱ्या आहेत, दर्या नाही. त्यांनी ते वाक्य कोडमधल्या टिपणात घालायला सांगितलं. आजही तिथे आहे.

पुढचं किरकोळ होतं. काही ओळी ७९ अक्षरांपेक्षा लांब म्हणून तपासणी लाल झाली, त्या तोडल्या. मग पाच आठवडे काहीच हालचाल नाही. ही माणसं नोकरी सांभाळून, बिनपगारी हे काम करतात, म्हणून मी एकदाच, चौथ्या आठवड्यात, "काही राहिलंय का?" एवढंच विचारलं. दरम्यान दुसऱ्या कुणाची भाषा आत गेली होती, भाषांच्या यादीत आम्ही दोघांनी एकाच जागी ओळ घातल्यामुळे टक्कर झाली. रिबेस करायच्या, म्हणजे माझं काम त्यांच्या नव्या कोडवर बसवायच्या, आधी घाबरून सगळं फोल्डर कॉपी करून ठेवलं. प्रत्यक्षात दोन्ही ओळी ठेवायच्या, एवढंच होतं.

गणपती बसायच्या आदल्या आठवड्यात, रात्री सव्वाअकराला, मर्ज झालं, म्हणजे माझं मराठी लायब्ररीत गेलं. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला उठवून सांगितलं. पुढची आवृत्ती आल्यावर ऑफिसमधली आमची यादी काढून टाकली आणि लायब्ररीचं मराठी लावलं. कॅशियरकाकांनी नव्या पावतीवरचं "एक लाख एकोणतीस हजार" वाचलं, शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

गुरुजींना त्यांच्या यादीची टेस्ट लॅपटॉपवर चालवून दाखवली. शंभर हिरवे ठिपके त्यांनी सावकाश मोजले. मग विचारलं, "दीडशे टाक बघू." कोडने दिलं, एकशे पन्नास. "अडीचशे?" दोनशे पन्नास. गुरुजींनी चष्मा काढला. "निमकी, दीडकी घालायची राहिली की गं." म्हणजे अर्ध्याचे, दीडचे जुने पाढे.

त्याचा इश्यू मी उघडला आहे. सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे, साडेतीनशे. गुरुजींचं दुसरं पान माझ्या टेबलावर आहे, टाइप करायचं बाकी.