चार टक्क्यांचं कौतुक कशाला?

हा प्रश्न मला दोन्हीकडून येतो. लिबर्टेरियन, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी हवा म्हणणारी मंडळी म्हणतात, सरकारने घरभाड्यात नाक खुपसूच नये असं तूच सांगतेस ना, मग जुन्या भाड्यात वर्षाला फक्त 4 टक्के वाढ देणाऱ्या महाराष्ट्राच्या 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याबद्दल बरं कशी बोलतेस? आणि चाळीतले म्हणतात, अगं पागडीच्या, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे देऊन मग नाममात्र भाड्यात राहायच्या खोलीत वाढलीस आणि तुलाच हा कायदा उठवायचाय? तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

आमची खोली गिरगावात. 1947 च्या कायद्याने भाडी 1940 च्या आकड्याला बांधली ती बांधलीच, मग मालक दुरुस्ती करेनात, मग चाळी पडायला लागल्या, मग सरकारने दुरुस्तीसाठी मंडळ काढलं आणि मंडळाला पैसे हवेत म्हणून इमारतींवर उपकर बसवला. एका चुकीच्या पोटी अख्खं गणगोत. शेवटी सुप्रीम कोर्टही म्हणालं की भाडं गोठवणं आता अवाजवी झालंय, पण नवा कायदा येतोय म्हणून रद्द मात्र केलं नाही.

तो नवा कायदा म्हणजे 1999 चा. वर्षाला 4 टक्के वाढ. आमचं भाडं 2000 साली 60 रुपये होतं, चक्रवाढीने धरलं तरी 25 वर्षांत 160. तेवढ्यात चौघांचे वडापाव नि चहा होतात, बास. या 4 टक्क्यांचं मला काडीचं कौतुक नाही हो.

कौतुक आहे ते बाकीच्या कलमांचं, जी कोणी वाचत नाही. बँका, सरकारी कंपन्या आणि 1 कोटी किंवा जास्त भांडवलाच्या कंपन्या संरक्षणातून सरळ बाहेर काढल्या. पागडी, जी आधी गुपचूप काळ्या पैशात चालायची, ती कायदेशीर झाली. लीव्ह-लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळापुरतं घर वापरायला द्यायच्या कराराची मुदत संपली की घर परत मिळायचा वेगळा रस्ता ठेवला, आणि ती खात्री नसेल तर मुंबईत कोण रिकाम्या फ्लॅटचं कुलूप काढेल सांगा.

अर्धवट सुधारणा नको, पूर्ण तत्त्वच हवं म्हणाल, तर शुद्ध तत्त्वावर चालणारा पक्ष आपल्याकडे होऊन गेलाय की. राजाजी-मसानींचा, खुल्या बाजाराची बाजू घेणारा स्वतंत्र पक्ष, 1967 ला लोकसभेत 44 जागा, 1974 पर्यंत खेळ खलास. आणि कारखाना काढायलाही सरकारी परवाना लागायचा ते लायसन्स राज मोडलं कोणी, तर ज्यांनी उभं केलं त्या काँग्रेसच्याच सरकारने, 1991 मध्ये, तेही 18 उद्योगांचे परवाने तसेच ठेवून. तेव्हा अर्धवट म्हणून नाक मुरडायचं होतं का?

पण प्रत्येक अर्ध्या पावलाला मी टाळ्या वाजवत नाही हां. मी एवढंच बघते, कोणाची एक परवानगी कमी झाली का? महाराष्ट्रात दारू प्यायला परमिट लागतं, 1949 चा कायदा आहे, ते परमिट ऑनलाइन मिळालं म्हणून काय सुधारणा झाली? परमिट आहेच की.

चाळीतल्यांच्या प्रश्नाचं उत्तर मात्र मला अजून नीट देता येत नाही. परवा मालकांचा मुलगा पावती घेऊन आला, पैसे घेताना त्याची मान खाली आणि आमचीही. कायदा जायलाच हवा हे मला पटलेलं आहे, फक्त आई असेपर्यंत नको असं वाटतं, आणि हे काही तत्त्वात बसत नाही. आईने त्याला चहा दिला आणि पावती डब्यात ठेवली, 1962 पासूनच्या सगळ्या आहेत त्यात.