कारकुनांच्या साम्राज्यात

सोमवार, रात्री

दुसऱ्या वर्षाच्या मुलांना आज क्तेनासची गोष्ट वाचायला दिली. दरवर्षी देते, आणि दरवर्षी वर्ग तिथेच पहिल्यांदा जागा होतो.

क्तेनास हा बायझंटाईन सम्राट सहाव्या लिओच्या काळातला (८८६ ते ९१२) म्हातारा, गडगंज पाद्री. गाण्यात तरबेज. आयुष्यात सगळं मिळालं होतं, फक्त 'प्रोतोस्पाथारिओस' हा दरबारी मान राहिला होता. तो मिळाला की ठरावीक पोशाख घालून राजवाड्याच्या लाउसिआकोस दालनात बसता येई आणि वर्षाला एक पौंड सोनं मिळे. क्तेनासने ४० पौंड सोनं देऊ केलं. सम्राट म्हणाला, पाद्र्याला असला मान देणं शोभत नाही. मग क्तेनासने १० पौंड मोलाची कर्णभूषणं पुढे केली, आणि सोन्याची जनावरं उठवलेलं चांदीचं एक मेज, तेही १० पौंडांचं. सम्राटाच्या मर्जीतल्या सामोनासने शब्द टाकला. मान मिळाला. त्यानंतर क्तेनास दोन वर्षं जगला.

मुलांनी हिशेब लगेच केला. ६० गेले, २ आले. मागच्या बाकावरून शेरा आला की यापेक्षा लॉटरी बरी. मी म्हटलं, ठीक, पण या म्हाताऱ्याला हिशेब येत नव्हता असं कशावरून? सगळे गप्प.

मग लिउतप्रांद काढला. उत्तर इटलीतून राजदूत म्हणून आलेला हा माणूस ९५० साली ईस्टरच्या आधी दरबारात हजर होता, त्यामुळे वार्षिक मानधनाचं वाटप त्याने डोळ्यांनी पाहिलं. सम्राट सातवा कॉन्स्टंटाईन लांबलचक मेजापाशी, मेजावर सोन्याच्या थैल्या, प्रत्येकीवर आकडा. हुद्द्याच्या क्रमाने पुकारा. पहिल्या माणसाने आपली थैली हातात नाही, खांद्यावर टाकून नेली. त्याच्या मागच्या दोघांना तर ती उचलवेना, माणसं लावून फरफटत न्यावी लागली. मग मागिस्त्रोस हा मान असलेल्यांना २४ पौंड, पात्रिकिओसांना १२. हे तीन दिवस चाललं. एक पौंडाच्या आतल्यांना सम्राटाच्या हातून काही नाही, त्यांचं नंतर दुसरा अधिकारी बघणार. लिउतप्रांदला कसं वाटलं विचारलं तर गडी म्हणतो, माझा काही फायदा झाला असता तर आवडलं असतं. सम्राट हसला आणि त्यालाही एक पौंड दिलं.

म्हणजे वर्षाला बरोबर एक पौंड मिळणारा क्तेनास त्या रांगेत अगदी शेवटी का होईना, पण सम्राटासमोर उभा राहणाऱ्यांत गेला. ६० पौंड त्या रांगेचे होते. पॉल लमेर्लसारख्या मोठ्या अभ्यासकाने या व्यवहारांची फोड गुंतवणूक आणि परतावा अशी केली आहे, आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तरी मला वाटतं, नुसते आकडे घेऊन बसलं की क्तेनास उगाच मूर्ख ठरतो.

तास संपल्यावर एका मुलीने विचारलं, सामोनासला किती मिळाले असतील? ही पुढे जाणार.

बुधवार

दुपार मोहरांत गेली, म्हणजे जुन्या पत्रांवरच्या शिशाच्या शिक्क्यांत. हे काम मला शिकवण्याहून जास्त आवडतं, पण असं मोठ्याने म्हणायची सोय नाही.

भारतात शाळेत असताना हे साम्राज्य मला एकाच वाक्यात भेटलं होतं: १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकलं आणि युरोपियनांना भारताकडे यायला नवा समुद्रमार्ग शोधावा लागला. अकराशे वर्षं चाललेलं राज्य आपल्या पुस्तकात येतं ते पडण्यापुरतं. बरं, त्या वाक्यातली कारणमीमांसाही कच्ची आहे. १४५३ नंतरही व्हेनिसचे व्यापारी अलेक्झांड्रियाहून मिरी आणतच होते. पण त्या वयात मला एवढंच खटकलं होतं, की पडायच्या आधी तिथे काय चालायचं? कर कोण गोळा करायचं? पगार कोण द्यायचं? उत्तर शोधता शोधता ग्रीक आली, मग जर्मन आणि फ्रेंच, मग वाचण्यापुरती रशियन. सम्राट आणि लढाया यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी कारकुनांच्या नादी लागले ती लागलेच.

पंचाईत अशी की कारकुनांचे कागदच नाहीत. क्रूसवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, १२०४ मध्ये केलेली राजधानीची लूट आणि १४५३ ची लूट यांतून मध्यवर्ती दफ्तर म्हणावं असं काही हाती उरलेलं नाही. पेशवे दफ्तरावर काम करणाऱ्या मैत्रिणींसमोर रुमालांच्या थप्प्या असतात, मोडी वाचता वाचता त्यांचे डोळे जातात. मला त्यांचा हेवा वाटतो. कागदपत्रं टिकली ती मुख्यतः मठांत. ग्रीसमधल्या आथोस या मठांच्या डोंगरावर बाईला पाऊल ठेवता येत नाही, म्हणून तिथले दस्त मी आयुष्यभर पॅरिसहून निघालेल्या खंडांतून वाचले. पात्मोस बेटावर मात्र जाता येतं. तिथल्या मठाला पहिल्या आलेक्सिओसने १०८८ साली दिलेली सनद काचेआड ठेवली आहे. तिच्यावरची लाल शाईतली सही पाहताना माझ्या डोक्यात सम्राट नव्हताच, दौत सांभाळणारा होता. सम्राटाची लाल शाईची दौत सांभाळणं हे स्वतंत्र पद होतं आणि नवव्या शतकात थेओक्तिस्तोससारखा माणूस त्या पदावर बसून राज्य चालवत होता. तोही शेवटी ८५५ मध्ये मारला गेला.

त्या सनदेत कुठकुठल्या फौजांना मठाने दाणापाणी द्यायचं नाही याची यादी आहे: रूस, वारांगी, फ्रँक, बल्गार, आणि त्यातच इंग्रज. १०६६ नंतर देश सोडून तिकडे चाकरीला गेलेले. इंग्लंडमधल्या वर्गात हे वाचून दाखवताना मला जरा जास्तच मजा येते.

तर मोहरा. पत्राची दोरी शिशाच्या गोळ्यातून ओवायची आणि गोळा लोखंडी चिमट्यात दाबायचा. एका बाजूला बहुधा देवाची किंवा संताची आळवणी, दुसऱ्या बाजूला नाव, मान, हुद्दा. पत्र कुजून गेलं, शिसं राहिलं. वॉशिंग्टनच्या डम्बार्टन ओक्स या संशोधनसंस्थेत अशा सुमारे १७,००० मोहरा आहेत. एकाच माणसाच्या दोन-तीन सापडल्या तर त्याची बढती दिसते. आज ज्याच्यावर बसले होते तो आधी एका प्रांताचा न्यायाधीश आहे, मग मान वाढलेला न्यायाधीश, मग राजधानीत महसूल खात्यात. आईबाप, लग्न, स्वभाव, काही ठाऊक नाही. नोकरी तेवढी ठाऊक आहे. माझ्याबद्दल विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तरी याहून जास्त काय आहे?

गुरुवार

विभागाची बैठक. संस्थांवरचा माझा तिसऱ्या वर्षाचा विषय पुढच्या वर्षापासून 'मध्ययुगीन भूमध्यसागर' या मोठ्या विषयात विलीन. विद्यार्थीसंख्येचा तक्ता पडद्यावर होता, त्यामुळे बोलायला फारसं उरलं नव्हतं.

कोण कुठे बसलं याची मी नोंद घेत होते. ही सवय फिलोथेओसने लावली. ८९९ साली त्याने दरबारी मेजवान्यांत कुणी कुणाच्या वर बसायचं याचं हस्तलिखित तयार केलं. तो मेजवानीचा व्यवस्थापक होता. आरंभीच तो सांगतो की माणसाच्या मानाचा सगळा प्रकाश सम्राटाच्या मेजावर कितव्या क्रमाने बोलावणं येतं यातच पडतो. हसू येतं, पण या यादीविना दरबाराची उतरंड आपल्याला कळली नसती. इतिहासकार जे. बी. बरी यांनी १९११ मध्ये ती संपादित करून त्यावरून राज्यकारभाराचा आराखडा उभा केला, निकोलस इकोनोमिदिस यांनी १९७२ मध्ये बाकीच्या याद्यांसह पुन्हा छापली. इकोनोमिदिस अथेन्सचे, पॅरिसला शिकलेले, पुढे बरीच वर्षं मॉन्ट्रियलला शिकवणारे. मोहरांवरचं त्यांचं काम हाताशी नसतं तर माझा प्रबंध पुरा झाला नसता.

फिलोथेओस दोन गोष्टी वेगळ्या ठेवतो. मान हा वस्तूच्या रूपाने हातात दिला जाई, पट्टी, साखळी, असं काही, आणि तो सहसा आयुष्यभराचा. हुद्दा सम्राटाच्या तोंडी शब्दाने मिळे आणि तसाच जाई. दाढीवाल्यांसाठी मानाच्या १८ पायऱ्या, खोजांसाठी, म्हणजे खच्ची केलेल्या दरबाऱ्यांसाठी, वेगळ्या ८, आणि हुद्दे ६०. हे आज बैठकीत फारच उपयोगी पडलं. विभागप्रमुखपद हा हुद्दा, प्राध्यापक हा मान, आणि विषय हा दोन्हींपैकी काहीच नाही.

शनिवार

कल्याणहून भाच्याचा फोन. एमपीएससीची तयारी चालू आहे, आवाज दमलेला. "मावशी, तुझ्या त्या राज्यात परीक्षा होत्या का गं?"

होत्या की. म्हटलं, कॉन्स्टँटिनोपलच्या नगरप्रमुखाच्या नावाने एक नियमावली आहे, सहाव्या लिओच्या शेवटच्या वर्षांतली, २२ प्रकरणांची. तिचं हस्तलिखित जिनिव्हात सापडलं आणि १८९३ ला छापलं गेलं. पहिलंच प्रकरण दस्तलेखकांचं. उमेदवाराला कायद्याच्या लहान पुस्तकाची ४० प्रकरणं तोंडपाठ हवीत, मोठ्या संहितेचे ६० ग्रंथ माहीत हवेत, अक्षर चांगलं हवं, शिवाय तो बडबड्या आणि उद्धट नको. जागा २४.

"राज्यात?"

"शहरात. तेवढ्याच."

"आणि तो तुझा क्तेनास कोण गं मग? क्लास वन?"

क्लास वन असता तर काम करावं लागलं असतं, म्हटलं. मग त्याला त्याच्या गावाचा दाखला दिला. सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाच्या कोस्मास नावाच्या व्यापाऱ्याने भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांत 'कालिआना' नोंदवलं आहे, ते बहुतेक अभ्यासक कल्याण मानतात. तिथून तांबं, लाकूड आणि कापड जातं, तिथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, असं तो लिहितो. तो स्वतः तिथवर आला होता की नाही यावर वाद आहे. पृथ्वी सपाट आहे असं तो हट्टाने म्हणत असे, पण बाजारभावाच्या बाबतीत माणूस भरवशाचा. भाचा म्हणाला, हे सामान्य ज्ञानाला येणार नाही. नाहीच येणार.

मंगळवार

लॉटरीवाला मुलगा खोलीवर आला. प्रबंधिकेसाठी विषय हवा. त्याला त्याच नियमावलीतले मासेवाले हवेत. का, तर आजोबांचं मासळीचं दुकान होतं. कारण चांगलं आहे, मी याहून फुसकी कारणं मंजूर केली आहेत.

मासेवाल्यांचं कलम छोटं आहे: त्यांच्या म्होरक्यांनी रोज पहाटे नगरप्रमुखाकडे जाऊन रात्रीत किती मासळी लागली ते सांगायचं, मग त्या दिवसाचा भाव ठरणार. बेकरीवाल्यांचा नियम त्याला मीच जोडून दिला. त्यांना किंवा त्यांच्या जनावरांना कुठल्याही सरकारी वेठीला धरायचं नाही, पाव बंद पडता कामा नये. सुगंधी माल विकणाऱ्यांनी आपली मेजं राजवाड्याच्या दारापर्यंत मांडायची, म्हणजे वास आत जाईल. त्यांच्या मालात मिरी आहे, नीळ आहे, आपल्याकडून गेलेली.

पण मग त्याने नेमकं विचारलं: रोज पहाटे खरंच जात असतील का? मासळी लागली नाही असं कुणी खोटं सांगत नसेल? नियमावलीत याचं उत्तर नाही. ती कसं व्हावं एवढंच सांगते, झालं का ते नाही. शिक्षा लिहिल्या आहेत, फटके, मुंडण, संघटनेतून हकालपट्टी. त्यावरून कुठले गुन्हे होत असतील याचा अंदाज तेवढा बांधता येतो. मोहरांवरून ती पदं कुणी सांभाळली हे कळतं, काम केलं की नाही ते नाही. या दोहोंच्या मधल्या जागेतच माझी नोकरी झाली, असं त्याला सांगितलं. ते त्याला फारसं आवडलेलं दिसलं नाही, त्याला मासळी हवी होती.

भाषांतरावर काम करायचं नाही, मूळ वाचायचं, ही अट घातली आहे. त्याला ग्रीक अक्षरंही येत नाहीत. जानेवारीपर्यंत क्रियापदं पक्की झाली तरच विषय मंजूर. शुक्रवारी सकाळी नऊला पहिला धडा.