आमची वाटचाल : आधी दुखणं, मग डिकोडर

आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या मॉडेल रेल्वेच्या इंजिनाच्या खोक्यात पुष्कळदा एक कोरा करकरीत डिकोडरही (रुळातून येणारे आदेश ओळखून मोटर आणि दिवे चालवणारा छोटा सर्किट बोर्ड) असतो. सोबत चिठ्ठी: ‘जुना जळलाय, हा बसवून द्या.’ आम्ही तो पाकिटातच राहू देतो. जुना का जळला ते कळल्याशिवाय नवा बसवायचा नाही, ही आमची अट. काही गिऱ्हाइकं यावर वैतागतात, पण एकाच इंजिनात लागोपाठ दोन डिकोडर गमावलेला माणूस ती मुकाट्यानं मान्य करतो.

सुरुवातीचं काम वेगळं होतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या एनएमआरए या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेनं जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर डीसीसीचं (रुळातूनच प्रत्येक इंजिनाला वेगळा डिजिटल आदेश देण्याच्या पद्धतीचं) मानक बेतलं आणि एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरवर चालू लागला. लोकांच्या कपाटातली इंजिनं मात्र साध्या डीसीची, म्हणजे रुळातला व्होल्टेज कमीजास्त करून चालणारी. आत डिकोडर खोचायला सॉकेट नाही, बऱ्याचदा जागाही नाही. आम्ही दोघं भागीदार ती उघडायचो, चासी (इंजिनाचा धातूचा सांगाडा) थोडी घासून जागा करायचो आणि एकेक तार सोल्डर करायचो. लाल-काळी रुळांकडून, नारिंगी-करडी मोटरला, पांढरी पुढच्या दिव्याला, पिवळी मागच्या, निळी सगळ्या दिव्यांची सामाईक.

त्या जुन्या इंजिनांत खरी मेख मोटरपाशी असते. मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज पोहोचवणारा कार्बनचा तुकडा) थेट चासीला जोडलेला असतो आणि चासीच तारेचं काम करते. डीसीवर त्यानं काही बिघडत नाही. डीसीसीवर मात्र रुळातला प्रवाह चासीतून उलटा डिकोडरच्या मोटरकडच्या टोकात शिरतो आणि इंजिन रुळावर ठेवताच जळकट वास येतो. म्हणून मोटर चासीपासून पूर्ण विलग करायची, मध्ये वीज न वाहू देणारी कॅप्टॉन टेप लावायची, मग मोटरची दोन्ही टोकं आणि चाकं यांच्यात मल्टिमीटर धरून बघायचं. मीटरनं जराही जोड दाखवला, तर काम तिथंच थांबतं.

पुढं कारखान्यातूनच सॉकेट बसवलेली इंजिनं येऊ लागली. आधी आठ पिनांचं एनईएम ६५२, मग २१ पिनांचं, प्लक्स२२, लहान इंजिनांसाठी नेक्स्ट१८. त्या आठ पिनांची मांडणी करणाऱ्याचं मला अजून कौतुक वाटतं. प्लग उलटा बसला तरी इंजिन चालतं, पण दिवे लागत नाहीत. इतकं सोपं झाल्यावर आपल्याकडे कोण येणार, असं आम्हाला वाटलं होतं. लोक घरीच डिकोडर बदलू लागले हे खरं, पण जी इंजिनं घरी सुधारली नाहीत, ती सगळी आमच्याकडे वळली.

तेव्हापासून आमचा धंदा निदानाचा झाला. इंजिन आलं की डिकोडर काढून मोटर नुसत्या १२ व्होल्ट डीसीवर चालवतो आणि ॲमीटर लावून, शाफ्ट क्षणभर चिमटीत धरून, अडकलेली मोटर किती प्रवाह ओढते ते बघतो. डिकोडर एक अँपियरचा आणि मोटर त्याहून जास्त ओढणारी असेल, तर दोष डिकोडरचा नाही. कधी वाळलेलं वंगण, कधी ब्रशच्या काजळीनं भरलेला कम्युटेटर (मोटरचा ब्रश टेकतो तो फिरता भाग), कधी शेल (वरचं कवच) बसवताना स्क्रूखाली चेंगरलेली तार. आणि कधी तर डिकोडर ठणठणीत असतो, फक्त त्याचा पत्ता (आदेश कोणत्या इंजिनासाठी ते ठरवणारा क्रमांक) बदललेला. बऱ्याच डिकोडरांत सीव्ही ८ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकानं ओळखली जाणारी सेटिंग) ८ लिहिलं की तो मूळ स्थितीला येतो, पत्ता ३ होतो आणि इंजिन धावू लागतं. अशा वेळी कोरा डिकोडर होता तसा परत जातो.

सगळ्यात वेळखाऊ काम जोडीनं धावणाऱ्या इंजिनांचं. त्यातल्या एकाचा डिकोडर बदलला की जुन्याचे सीव्ही जसेच्या तसे उतरवून भागत नाही, कारण तोच आकडा दोन कंपन्यांच्या डिकोडरांत तसाच वागेल याचा भरवसा नसतो. दोन्ही इंजिनं न जोडता, थोडं अंतर ठेवून, एकाच रुळावर सोडायची. मागचं पुढच्याला गाठतंय की मागं पडतंय ते बघत सीव्ही २, ६ आणि ५ हलवायचे: सुरुवातीचा, मधला आणि कमाल वेग. एवढं करूनही दोघांतलं बॅक-ईएमएफ नियंत्रण (मोटरचा वेग ओळखून तो स्थिर राखणारं) कधी एकमेकांशी भांडतं आणि गाडी हिसके देते. मग एकाचं सौम्य करावं लागतं. हे काम घाईत मागू नये, आम्ही देतही नाही.

आवाजाच्या डिकोडरांत स्पीकर तपासावाच लागतो. काही जुन्या डिकोडरांना १०० ओहमचा स्पीकर असे, नव्यांना ४ किंवा ८ ओहमचा लागतो. जुनाच ठेवला तर आवाज क्षीण येतो. उलट, जुन्या डिकोडरला ८ ओहमचा जोडला तर त्याचा ॲम्प्लिफायर जातो.

हल्ली डिकोडर मुख्य बोर्डावरच सोल्डर केलेली इंजिनं वाढली आहेत. तिथं अख्खा बोर्ड काढावा लागतो, दिव्यांचे रेझिस्टरही त्याच्याबरोबर जातात आणि एलईडींसाठी ते नव्यानं घालावे लागतात. मालकानं लेखी होकार दिल्याशिवाय आम्ही अशा बोर्डाला हात लावत नाही. काढलेला बोर्ड, जळका असला तरी, कोणत्या इंजिनाचा ते लिहून पाकिटात घालून परत देतो. पुढे इंजिन विकायचं झालं तर घेणारा मूळ बोर्ड मागतोच.